सोमवार ते शनिवारची उपासना

तुझा प्रश्न थोडक्यात असा. कल्याणहून रोज लोअर परळला जातेस, एका खासगी कंपनीत अकाउंट्सला आहेस, पुरवठादारांची बिलं तुझ्या हातून जातात. पहाटे पाणी येतं तेव्हा उठायचं, दोन मुलांचे डबे, सासूबाईंची औषधं, मग लोकल, आणि रात्री घरी यायला साडेआठ. रविवारी मंडळीत, म्हणजे चर्चला, उपासनेला जातेस, पण बाकीचे सहा दिवस ‘मी ख्रिस्ती आहे हे फक्त हजेरीपटावरच्या नावावरून कळतं’ असं तू लिहिलंस. शांत वेळ मिळत नाही याची खंत आहे. साहेब बिलं अडकवून ठेवायला आणि तारखा मागेपुढे करायला सांगतात. ऑफिसात सत्यनारायण असतो तेव्हा कसं वागावं कळत नाही. कुणाला प्रभूविषयी सांगत नाही म्हणून मन खातं. आणि घराचा हप्ता चालू असताना दशांशाचं, म्हणजे कमाईचा दहावा भाग देवाला देण्याचं, काय करायचं, हा शेवटचा प्रश्न. मावशी म्हणून हाक मारलीस, तर मीही तुला ‘तू’च म्हणते.

मी महापालिकेच्या रुग्णालयात परिचारिका होते, वॉर्डची सिस्टर इनचार्ज म्हणून निवृत्त झाले. आमच्या मंडळीच्या महिला मंडळात नोकरीत असतानाही बसायचे, आजही बसते. तिथे नर्सेस, शिक्षिका, बँकेत काम करणाऱ्या, पोळ्या लाटून घर चालवणाऱ्या अशा सगळ्याजणी येतात आणि हाच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेने विचारतात. माझं उत्तर असं आहे: प्रार्थनेसाठी दिवसात रिकामी जागा शोधत बसू नकोस. जे रोज होणारच आहे, त्याला प्रार्थना बांधून टाक. आणि मग ती प्रार्थना त्या कामात काय बदलायला सांगते तिकडे लक्ष दे. पहिला भाग चार दिवसांत जमतो. दुसरा जड जातो, म्हणून त्यावर मी जास्त लिहिणार आहे.

आपल्या मंडळ्यांत पहाटे चारला उठून तासभर शास्त्र, म्हणजे बायबल, वाचणाऱ्यांच्या साक्षी होतात, ते आपला अनुभव सगळ्यांना सांगतात. ज्यांना जमतं त्यांनी जरूर करावं, प्रभू स्वतः पहाटे एकांतात जाऊन प्रार्थना करत होता असं मार्क सांगतो. पण जेवायलाही सवड मिळू नये इतकी माणसं प्रभूभोवती जमत होती, हेही त्याच मार्कच्या शुभवर्तमानात आहे. तुझा दिवस सध्या तसा आहे. बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय काढून वाच. तो राजाचा प्यालेबरदार, म्हणजे राजाला द्राक्षारस देणारा सेवक. राजा विचारतो, तुला काय हवंय? त्या प्रश्नाच्या आणि उत्तराच्या मधल्या क्षणात नहेम्या स्वर्गीच्या देवाची प्रार्थना करतो आणि मग बोलतो. राजासमोर उभा राहून, नोकरीवर असताना. त्याआधीच्या अध्यायात त्याने उपास केले आहेत, दिवसचे दिवस रडून प्रार्थना केली आहे, म्हणून तो एक क्षण त्याला पुरला. ते बळ तुला रविवारी मिळतं. रविवार सोडू नकोस.

आता बांधायचं कसं ते सांगते. रात्रपाळीला आमच्या वॉर्डात अंथरुणाला खिळलेले रुग्ण असायचे. पाठीला, माकडहाडाला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी त्यांची कूस बदलावी लागते. एका बाजूला मी, एका बाजूला आयाबाई, खालच्या चादरीची टोकं धरायची, एकदम उचलायचं, कुशीवर वळवायचं, पाठीला उशी लावायची. मग टाचा, कंबर, खांदे बघायचे, कुठे लाली आली आहे का, ओल आहे का. शेवटी चादरीची एकही चुणी राहता कामा नये, कारण त्या चुणीनेच कातडी सोलवटते. मी त्या प्रत्येक फेरीला १२१ वं स्तोत्र बांधलं होतं, इस्राएलाचा रक्षक झोपत नाही, डुलकी घेत नाही, ते. मोठ्याने नाही, मनातल्या मनात. काही आठवड्यांनी असं झालं की ते स्तोत्र म्हणता म्हणता चुणी तशीच सोडून पुढच्या खाटेकडे जाणं मला जमेनासं झालं. ज्याचं नाव-गाव माहीत नाही, ज्याला भेटायला कुणी येत नाही, रस्त्यावरून उचलून आणलेला असा रुग्ण प्रत्येक वॉर्डात एखादा असतोच. पहाटे चारच्या फेरीला हात आपोआप त्याच्याकडे कमी वेळ थांबतात. स्तोत्र तेही करू देईना.

तुझ्याकडे लोकल आहे. कल्याणहून फास्ट पकडतेस म्हणजे डोंबिवली, ठाणे, घाटकोपर, कुर्ला आणि दादर. प्रभूच्या प्रार्थनेत सहा विनंत्या आहेत. कल्याण ते डोंबिवली पहिली: तुझं नाव पवित्र मानलं जावो. डोंबिवली ते ठाणे, तुझं राज्य येवो. ठाण्यापासून घाटकोपरपर्यंत तुझी इच्छा होवो, हा टप्पा लांब आहे आणि ही विनंतीही सगळ्यात जड, तेव्हा वेळ पुरतो. घाटकोपर ते कुर्ला रोजची भाकर. इथे स्वतःच्या घराबरोबर डब्यात क्लिपा आणि कानातली विकत फिरणाऱ्या त्या बाईचं नाव घे. नाव माहीत नसेल तर एक दिवस विचार, ती सांगेल. कुर्ला ते दादर क्षमेची विनंती, त्यात आदल्या दिवशी ज्यांच्याशी वाजलं ते सगळे येतात. आणि दादरला उतरून पुलावरून गर्दीत पुढे सरकताना शेवटची, आम्हाला परीक्षेत आणू नकोस, वाइटापासून सोडव. ती म्हणत म्हणतच ऑफिसच्या दारातून आत जा. डोळे मिटायची गरज नाही. पर्स पोटाशी धरून उभ्याने केलेली प्रार्थना देवाला पोचते.

शास्त्रवाचनाचंही असंच. रोज नवा उतारा, त्यावर मनन, वहीत टिपणं, हे तुला या वर्षी झेपणार नाही. रविवारी पाळकसाहेबांनी जो शास्त्रभाग घेतला तोच आठवडाभर ठेव. फोनमध्ये मराठी बायबल आहे, तेवढाच भाग परतीच्या गाडीत रोज वाच किंवा ऐक. सहाव्या दिवशी तोच उतारा वेगळं काहीतरी दाखवतो.

एवढं पंधरा दिवस केलंस की तुझ्या टेबलावरची ती बिलांची फाईल तुला स्वस्थ बसू देणार नाही. आणि तिथे खरी उपासना सुरू होते.

लूकच्या तिसऱ्या अध्यायात लोक बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला विचारतात, आम्ही काय करावं? जकातदार विचारतात, शिपाई विचारतात. योहान त्यांना नोकरी सोडा म्हणत नाही, उपास वाढवा म्हणत नाही. जकातदारांना म्हणतो, ठरलेल्यापेक्षा जास्त घेऊ नका. शिपायांना म्हणतो, कुणाला धमकावून किंवा खोटा आळ घालून पैसे काढू नका, आपल्या पगारात समाधानी राहा. पश्चात्तापाची फळं विचारली तर त्याने थेट त्यांच्या कामाच्या टेबलावर बोट ठेवलं. मजुराची मजुरी सकाळपर्यंत स्वतःजवळ ठेवू नकोस, असं लेवीयाच्या १९व्या अध्यायात आहे. अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ते ओरडणं सेनाधीश प्रभूच्या कानी जातं, असं याकोब पाचव्या अध्यायात लिहितो. आपण हे वचन मोठ्या शेतमालकांसाठी म्हणून वाचतो. पण साकीनाक्याच्या गाळ्यात दोन मशीन टाकून खोकी बनवणारा माणूस तीन महिने तुमच्या कंपनीला फोन करतोय, त्याच्याकडे चार कामगार आहेत, आणि त्याचं बिल तुझ्या फाईलमध्ये आहे, तर ते ओरडणं तुझ्या टेबलावरून चाललं आहे.

सही तुझी नाही, साहेबांची आहे, हे मला कळतं. पण तुझ्या हातात बरंच आहे. नोंदणीकृत सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात, असं २००६ चा कायदा सांगतो. उशिराचं व्याज लागतं, आणि आता मुदतीत न दिलेली रक्कम त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही, म्हणजे कंपनीचा करही वाढतो. हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. मग दर शुक्रवारी थकलेल्या बिलांची यादी तारखेनुसार लावून साहेबांना मेल कर. वर एवढंच लिही की या बिलांची मुदत संपली आहे किंवा संपत आली आहे, व्याज आणि कर वाचवायचा तर आधी ही सोडावीत. सगळ्यात लहान माणसाचं बिल सगळ्यात वर ठेव. असं केल्याने काही पैसे नक्की सुटतात. आमच्या मंडळातली एकजण हे करते, आणि कंपनीचेच पैसे वाचले म्हणून तिच्या साहेबांनी तिला शाबासकी दिली.

दुसरी गोष्ट फोनची. पुरवठादाराचा फोन आला की ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’, ‘चेक तयार आहे, सही राहिली आहे’ असं सांगायची सवय सगळ्या ऑफिसांत आहे. तू ते थांबव. ‘अजून मंजूर झालेलं नाही, मी या शुक्रवारी पुन्हा वर पाठवते, सोमवारी मला फोन करा’, असं सांग आणि सोमवारी त्याचा फोन घे. त्या माणसाला निदान खरं काय ते कळेल, तो दुसरीकडून पैशांची सोय करू शकेल. रोज दहा-बारा वेळा खोटं बोलणारं तोंड संध्याकाळी स्तुती गायला लागतं तेव्हा स्वतःलाच पोकळ वाटतं. तुझ्या पत्रात जी पोकळी तू लिहिलीस, ती मला वेळेच्या अभावापेक्षा इथून आलेली वाटते. पत्र दोनदा वाचून हे लिहिते आहे.

आणि तारखा बदलणं. तिथे सरळ नाही म्हणायचं, पण भांडून नाही, चार लोकांसमोर नाही आणि शास्त्रवचन ऐकवूनही नाही. ‘सर, तारीख बदललेलं बिल मी चढवू शकणार नाही. मूळ तारखेने चढवते आणि उशीर का झाला त्याची टीप जोडते’, एवढं पुरे. त्यांना अडचणीतून बाहेर पडायला एक मार्गही दिलास. हे बोलण्याआधी तुझं स्वतःचं काम चोख हवं, नोंदी वेळेवर, कागद जागच्या जागी. पाट्या टाकणारीने प्रामाणिकपणाचा आग्रह धरला तर लोकांना तो कामचुकारपणा वाटतो. याची किंमत मोजावी लागू शकते. बढती लांबते, बदली होते, क्वचित नोकरी जाते. म्हणून आधी नवऱ्याशी बोल, घरी किती महिने निघतील याचा हिशेब दोघांनी मांडा. आणि मंडळीत निदान दोन बहिणींना सांगून ठेव. सत्यासाठी नोकरी गमावलेल्या माणसाच्या घरी मंडळीने किराणा पोचवायला हवा, हे मी आमच्या मंडळीत सतत बोलत असते. नुसत्या ‘प्रार्थनेत आठवू’वर त्या घराची चूल पेटत नाही.

सत्यनारायणाबद्दल आपल्यातच एकमत नाही, हे आधी मान्य करू. माझं मत सांगते. पूजेच्या दिवशी रजा टाकून घरी बसू नकोस. छान साडी नेसून जा, खुर्च्या लाव, मुलांना खाऊ वाट, ज्यांच्या घरची जोडी पूजेला बसली आहे त्यांना मनापासून शुभेच्छा दे. आरती हातात घ्यायची वेळ आली की हसून ‘तुम्ही घ्या, मी इथे थांबते’ म्हण. वर्षभर तुझ्याशी जेवणाचा डबा वाटून खाणाऱ्या बाया यावर रागवत नाहीत, तुटकपणावर रागवतात. प्रसादाबद्दल पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचे आठ ते दहा अध्याय आणि रोमकरांस पत्राचा १४वा अध्याय वाच, आणि तुझा विवेक सांगेल तसं कर. जी बहीण घेते तिने न घेणारीला कमी विश्वासाची म्हणू नये, आणि न घेणारीने घेणारीचा न्याय करू नये. आणि नाताळात करंज्यांचा मोठा डबा घेऊन जा.

साक्षीविषयी, म्हणजे कुणाला प्रभूविषयी सांगत नाहीस म्हणून, मन खाऊ देऊ नकोस. या शहरात मराठी ख्रिस्ती माणूस लोकांना आधी भेटला तो शाळेतली बाई म्हणून आणि वॉर्डातली सिस्टर म्हणून. आमच्या आधीच्या पिढीतल्या त्या बायका नगर-जालन्याकडून आल्या, क्वार्टर्समध्ये राहिल्या, आणि त्यांच्या हातांवर लोकांचा विश्वास होता. पेत्र म्हणतो, तुमच्या आशेचं कारण कुणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने आणि आदराने. म्हणजे आधी कुणीतरी विचारायला हवं. वॉर्डात मी कधीच आपणहून कुणाच्या उशाशी मोठ्याने प्रार्थना केली नाही. आजारी माणूस उठून जाऊ शकत नाही, त्याच्या असहायतेचा फायदा घेऊ नये. पण ऑपरेशनच्या आदल्या रात्री ‘सिस्टर, तुमच्या देवाला माझ्यासाठी सांगा’ असं म्हणणारे भेटायचे. मग मी खुर्ची ओढून बसायचे आणि त्यांचा हात धरून मराठीत साध्या चार ओळी म्हणायचे. तुलाही तो खोकीवाला एक दिवस विचारेल, मॅडम, बाकी सगळे टोलवतात, तुम्ही खरं का सांगता? त्याला दोन वाक्यांत उत्तर दे.

घरातलं थोडं बोलू. रात्री जेवणाआधी पाच मिनिटं कौटुंबिक उपासना ठेव. ‘उपासना संगीत’ या आपल्या गीतांच्या पुस्तकातलं एक कडवं, मुलांपैकी एकाने दोन वचनं वाचायची, दुसऱ्याने घराबाहेरच्या कुणासाठी तरी प्रार्थना करायची. गाण्याचा कंटाळा करू नका. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली याच मुंबईत झाला, आणि पुढे त्यांनी अभंगांच्या, भजनांच्या वळणाची जी गीतं दिली त्यांमुळे आपल्याला आपल्याच भाषेच्या लयीत देवाला हाक मारता आली. वाचता न येणाऱ्या आमच्या आज्यांना ती तोंडपाठ होती, भाकऱ्या थापताना त्या म्हणायच्या. सासूबाईंना विचार, त्यांना तुझ्यापेक्षा जास्त गीतं येत असतील. औषधाची गोळी देताना एक कडवं त्यांच्याबरोबर म्हण. नवरा बसत नसेल तर टोमणा मारू नकोस, ताटं वाढून ठेव आणि सुरू कर.

तुझ्याकडे धुण्या-भांड्याला ताई येतात असं तू लिहिलंस. शब्बाथाच्या, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाच्या, आज्ञेत दास-दासींच्या विसाव्याचाही उल्लेख आहे, गुराढोरांचाही आहे. त्यांना आठवड्याची एक सुट्टी, पगार न कापता, दे. रविवार त्यांना सोयीचा नसेल तर त्यांना हवा तो वार. आणि तुझा रविवार? मेगाब्लॉकमधून वाट काढत चर्चला जायचं, आल्यावर मटण-भात, मग आठवड्याचे कपडे, असं असेल तर विसावा घरात बाकी सगळ्यांना आहे, फक्त तुला नाही. नवऱ्याने मटण आणून धुऊन लावावं, मुलांनी भांडी आवरावी. हे मागणं हक्काचं आहे, मागायला लाजू नकोस.

पंडिता रमाबाईंचं केडगावचं मुक्ती सदन मला यासाठी फार मोलाचं वाटतं. टाकलेल्या, विधवा, दुष्काळात अनाथ झालेल्या मुली तिथे प्रार्थना करत होत्या आणि त्याच दिवसात शेती, विणकाम, छपाईही करत होत्या. रमाबाईंनी साध्या बायकांना समजावं म्हणून मराठीत केलेलं बायबलचं भाषांतर मुक्तीतल्याच मुलींनी खिळे जुळवून छापलं. रमाबाई १९२२ साली गेल्या, पण भाषांतराचं काम पूर्ण करून गेल्या.

एक गोष्ट तू विचारली नाहीस, तरी सांगते. मुलं मोठी होतील, स्थळं बघायची वेळ येईल. आपल्यातही तेव्हा ‘मूळचे कुठले’ असं हळूच विचारलं जातं. एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घ्यायचं आणि घरी येऊन मूळ जात शोधायची, हे मला सहन होत नाही. आतापासून घरात तो प्रश्न येऊ देऊ नकोस. पाहुण्यांनी काढला तर विषय तिथेच थांबव, मुलांसमोर थांबव.

आता दशांश. कर्ज काढून किंवा कुणाची देणी थकवून दशांश द्यावा असं शास्त्र सांगत नाही. पौल करिंथकरांना लिहितो की मनाची तयारी असली तर ज्याच्याजवळ जे आहे त्यानुसार दान मान्य होतं, आणि कुरकुरत किंवा बळजबरीने देऊ नये. पगार झाला की पहिल्या दिवशी धुण्या-भांड्याच्या ताईंचा पगार काढ, तो दशांशाच्याही आधी. मग हप्ता, शाळेची फी, सासूबाईंची औषधं यांचा हिशेब मांड आणि सध्या किती टक्के जमतं ते नवऱ्याबरोबर ठरव. तीन असोत, पाच असोत, पण ते महिन्याच्या सुरुवातीला वेगळ्या पाकिटात ठेव, उरलंसुरलं म्हणून शेवटी नको. वर्षाने पगार वाढला की टक्काही वाढव. मंडळीच्या खजिनदारांनी रकमेवरून काही विचारलं तर त्यांना हेच सांग, खालच्या मानेने सांगू नकोस. आणि शुक्रवारच्या त्या यादीचं काय झालं ते मला कळव.